मोठ्या वयातील वाचन-लेखनाच्या अडचणी: शैक्षणिक उपचार कसा सुरू करावा आणि कसा चालवावा

डोळे शाबूत, बुद्धी तल्लख, पण छापील अक्षर लागत नाही, अशा मुलाची पहिली गाजलेली वैद्यकीय नोंद इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. तो मुलगा १४ वर्षांचा होता. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्या नोंदीत दिलेले आहे. म्हणजे या विषयाचा आरंभच किशोरवयीन मुलापासून झाला. आपल्याकडे मात्र ‘रेमेडियल’, म्हणजे शैक्षणिक उपचार, म्हटले की पहिली ते चौथीची मुले डोळ्यांसमोर येतात आणि दहावीतला, कॉलेजातला किंवा नोकरीतला माणूस ‘आता काय उपयोग’ या तीन शब्दांत निकाली निघतो.

हे मार्गदर्शन १३ वर्षांपुढील मुले, त्यांचे पालक, त्यांना शिकवणारे शिक्षक आणि लहानपणी निदान न झालेले प्रौढ यांच्यासाठी आहे. शैक्षणिक उपचार म्हणजे शिकवणी नव्हे. शिकवणीत धडा संपवायचा असतो, तर उपचारात धडा का वाचता येत नाही ते शोधून तेवढाच कमकुवत दुवा पक्का करायचा असतो आणि त्याबरोबरच त्या माणसाला स्वतःच्या शिकण्याची पद्धत ओळखायला लावायची असते. मोठ्या वयात हे करताना सर्वांत घातक चूक एकच घडते, ती म्हणजे पहिलीचे पुस्तक पुन्हा पुढ्यात ठेवणे. कौशल्य पहिलीतले असले तरी ते शिकवायचे त्या माणसाच्या आजच्या मजकुरातून. पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

पहिली भेट

पहिल्या भेटीत पालकांशी नव्हे, तर ज्याला शिकायचे आहे त्याच्याशी बोलावे. १५ वर्षांच्या मुलासमोर आई-वडील त्याच्या चुकांची यादी वाचत असतील, तर त्यांना नम्रपणे बाहेर बसवावे. प्रौढ व्यक्तीला पहिल्या वाक्यापासून अहो-जाहो करावे. अडतीस वर्षांच्या गृहस्थाला ‘बाळा, पुन्हा वाच’ असे प्रेमाने म्हटले तरी त्याला चौथीचा वर्ग आठवतो आणि तो पुढच्या आठवड्यात येत नाही. ‘तुम्हाला काय वाचता यायला हवे आहे?’ हा प्रश्न विचारून उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ‘वाचन सुधारायचे आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘सोसायटीची नोटीस मला कोणाला न विचारता वाचता यायला हवी’ हे उत्तर चालते, कारण ते साधले की नाही हे दोघांनाही कळते.

त्यानंतर इतर कारणे तपासून घ्यावीत. डोळ्यांची आणि कानांची तपासणी झाली आहे का, झोप पुरेशी होते का, नैराश्य किंवा तीव्र चिंता आहे का, शाळा बदलत राहिल्यामुळे किंवा माध्यम बदलल्यामुळे पाया कच्चा राहिला आहे का, हे पाहिल्याशिवाय डिस्लेक्सियाचा (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडण्याचा) शिक्का मारू नये. दहावीपर्यंत मराठी माध्यमात चांगले गुण मिळवून अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत बुडणारी मुले महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्यांतील बहुतेकांना इंग्रजीची ओळख कमी असते, एवढेच. पण मराठीतही जोडाक्षरे अडत असतील, लहानपणी कविता आणि पाढे पाठ झाले नसतील, घरात आणखी कोणाला हाच त्रास असेल, तर औपचारिक तपासणीकडे वळावे. मराठीसह काही भारतीय भाषांसाठी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे, म्हणून मोठ्यांची तपासणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडूनच करून घ्यावी लागते.

चुकांची वही

तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पहिल्या दोन भेटींत तीन नमुने घ्यावेत: एका मिनिटाचे मोठ्याने वाचन, दहा ओळींचे श्रुतलेखन आणि मनाने लिहिलेला एक परिच्छेद. वाचनाचा मजकूर त्याच्या कामाचा असावा. वाचनाचे ध्वनिमुद्रण त्याची परवानगी घेऊन फोनवर करावे. तीन महिन्यांनी तेच ऐकवण्याइतका दुसरा पुरावा नाही. मग चुका मोजू नयेत, त्यांचे गट पाडावेत.

देवनागरीत हे गट इंग्रजीपेक्षा वेगळे पडतात आणि इथे परदेशी पुस्तकांची फारशी मदत होत नाही. पहिला गट दिसायला सारख्या अक्षरांचा: भ-म, घ-ध, ब-व, थ-य. मोठ्या वयात या चुका कमी राहतात, पण घाईत परत येतात. दुसरा गट लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम वेगळा असलेल्या चिन्हांचा. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मागून येतो. ‘सर्प’ मध्ये र आधी उच्चारला जातो, पण तो चढतो ‘प’च्या डोक्यावर. डावीकडून उजवीकडे एकेक खूण उलगडत जाणारा वाचक नेमका इथे ठेचकाळतो. तिसरा गट जोडाक्षरांचा, आणि त्यात ‘र’ हा सर्वांत मोठा खोडकर. धर्म, क्रम, ट्रक आणि तऱ्हा या चार शब्दांत तो चार वेषांत येतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एका खुणेने विद्वानाचा स्वयंपाकी होतो, हे उदाहरण मोठ्या माणसाला हसवते आणि कायमचे लक्षात राहते.

चौथा गट ऱ्हस्व-दीर्घाचा. इथे माझे मत थोडे ठाम आहे: पहिले काही महिने या चुकांना हात लावू नये. मराठी बोलताना इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद कानाला फारसा ऐकूच येत नाही, त्यामुळे चांगले लिहिणारेही इथे चुकतात आणि या चुकांवरून अध्ययन अक्षमता ठरत नाही. ज्या चुकीने शब्द बदलतो किंवा वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही, ती आधी. पुढे ऱ्हस्व-दीर्घ घ्यायचेच झाले तर सुटे शब्द घोकवू नयेत, नियम दाखवावा. साहित्य महामंडळाच्या १८ नियमांपैकी दोनच बराच पल्ला गाठून देतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, म्हणून पाटी, कवी, जादू, गुरू. शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इकार-उकार मराठी शब्दांत दीर्घ आणि प्रत्यय लागला की ऱ्हस्व, म्हणून मूल पण मुलाला, फूल पण फुलात, विहीर पण विहिरीत. ‘गुण’, ‘विष’ यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द दुसऱ्या नियमात बसत नाहीत, तेही तेव्हाच सांगावे. नाहीतर त्याला पहिल्याच वर्तमानपत्रात नियम मोडलेला दिसेल आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल.

एक बैठक कशी घ्यावी

आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा तीन वेळा पाऊण तास बसणे केव्हाही चांगले. समजा, सातवीनंतर शाळा सुटलेला २८ वर्षांचा वायरमन आहे, काम उत्तम करतो, पण परवान्याच्या लेखी परीक्षेला घाबरतो. त्याच्या परीक्षेच्या पुस्तकातील आठ ओळी घ्याव्यात आणि त्यांतून एकच रचना निवडावी, उदाहरणार्थ रफार (अक्षराच्या डोक्यावर चढणारा र). मागच्या वेळच्या शब्दांची कार्डे पाच मिनिटे उलटून पाहावीत. मग ‘संपर्क’ हा शब्द तोंडाने तोडायला सांगावे: सं, पर्, क. र कुठे ऐकू आला आणि तो कोणत्या अक्षरावर बसला, हे त्याने बोटाने दाखवावे. तोच शब्द फळ्यावर मोठा लिहिताना त्याने प्रत्येक तुकडा मोठ्याने म्हणावा. डोळा, कान, जीभ आणि हात एकाच वेळी कामाला लावण्याची ही रीत अमेरिकेत मेंदू-मनोविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून १९३० च्या दशकापासून रुजली. ती लहानांसाठीच आहे हा गैरसमज आहे. वाळूत बोट फिरवण्यासारखे प्रकार मात्र मोठ्यांच्या बैठकीतून वगळावेत.

‘संपर्क’ जमला की ‘वर्तुळ’, ‘मार्ग’, ‘अर्थिंग’ आणि मग त्यांच्याशेजारी मुद्दाम ‘चक्र’ ठेवावे, कारण फरक करता आल्याशिवाय नियम मुरत नाही. त्यानंतर त्याच आठ ओळी तीनदा वाचाव्यात. पहिल्यांदा तुम्ही वाचा आणि तो ओळीवर बोट ठेवून पाहील, दुसऱ्यांदा दोघे मिळून, तिसऱ्यांदा तो एकटा. अडखळला तर तीन-चार सेकंद थांबावे, मग शब्द पुरवावा. प्रत्येक शब्दाला झगडायला लावले तर अर्थ हातून निसटतो. शेवटची दहा मिनिटे लेखनाची: आज शिकलेले चार शब्द असलेली तीन वाक्ये श्रुतलेखनाने आणि एक वाक्य त्याच्या मनाचे. उठण्यापूर्वी ‘आज काय सोपे गेले आणि कशामुळे?’ हे त्याने सांगावे. सुरुवातीला याचे उत्तर येत नाही. सहाव्या-सातव्या बैठकीपासून येऊ लागते आणि तिथून पुढे तो तुमच्यावर कमी अवलंबून राहतो.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याची बैठक निराळी. त्याला अक्षरे येतात, पण लांबच लांब संज्ञा पाहून तो पानच सोडून देतो. इथे शब्दाचे घटक उपयोगी पडतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ फोडले की प्रकाश, सम् आणि श्लेषण; त्याचाच इंग्रजी भाऊ ‘फोटोसिंथेसिस’ फोडला की प्रकाश आणि एकत्र जोडणे हेच दोन अर्थ मिळतात. एक घटक कळला की ‘संश्लेषण’, ‘विश्लेषण’ आणि ‘फोटोग्राफ’, ‘फोटोव्होल्टाइक’ हे शब्द आपोआप निम्मे ओळखीचे होतात. पाठाचे एक पान वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर उतरवणे, मग उघडून राहिलेले भरणे, हा सराव पाच वेळा अधोरेखन करण्यापेक्षा खूप अधिक उपयोगी आहे. आणि हेच दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी पुन्हा करावे.

आकड्यांचा घोळ

गणिताची भीती आणि डिसकॅल्क्युलिया (आकडे आणि हिशेब समजण्यातली अक्षमता) यांत फरक आहे, पण मराठी संख्यानामे दोघांनाही छळतात. ‘पंचवीस’ बोलताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन. ‘एकोणसत्तर’ म्हणताना सत्तर ऐकू येते आणि लिहायचे ६९. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये बालभारतीने ‘वीस पाच’ असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर चेष्टा झाली, विधिमंडळातही विषय गेला. भाषेच्या सौंदर्याचा मुद्दा बाजूला ठेवला तर अडखळणाऱ्या मुलासाठी ती युक्ती योग्यच होती, असे मला वाटते. मोठ्या माणसाला ही अडचण फोन नंबर घेताना जाणवते: समोरचा ‘तेवीस, एकोणसाठ’ म्हणतो आणि हा ३२, ६९ लिहितो. उपाय साधा आहे. समोरच्याला ‘एकेक आकडा सांगा’ असे बिनदिक्कत म्हणायला शिकवावे आणि घरी रोज दहा संख्या ऐकून लिहिण्याचा सराव ठेवावा, त्यात एकोण असलेल्या निम्म्या. बिल, सुटे पैसे, बसचे वेळापत्रक, हप्त्याचे व्याज हीच त्याची गणिताची पाठ्यपुस्तके. पाढे पाठ नसतील तर खिशातला गणकयंत्र वापरू द्यावा, मात्र उत्तर साधारण किती यायला हवे याचा अंदाज आधी तोंडाने सांगायला लावावा.

वेळेचे नियोजन हा याच माणसांचा दुसरा दुखरा भाग असतो, विशेषतः सोबत एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असेल तर. ‘वेळापत्रक कर’ म्हणून ते होत नाही. भिंतीवर एकच मोठी दिनदर्शिका, कामाचे वीस मिनिटांचे तुकडे, प्रत्येक तुकड्याची सुरुवात नेमकी कशाने करायची हे आदल्या रात्री लिहून ठेवणे आणि काम करताना शेजारी कोणी तरी शांत बसलेले असणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

साधने वापरायला लाजू नये

फोनमधील मजकूर ऐकवणारी सुविधा आणि मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय या दोन्ही गोष्टी फुकट आहेत. कौशल्य शिकवण्याच्या वेळात त्या बाजूला ठेवाव्यात, परंतु उरलेल्या दिवसात मोकळेपणाने वापराव्यात. चष्मा लावल्याने डोळे आळशी होत नाहीत, तसेच हे. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी सुलभ स्वरूपातील पुस्तके देणाऱ्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश, आणि त्या करारात अंधत्वाबरोबर वाचनाची अक्षमताही येते. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून याच कामासाठी चालते.

उलट, रंगीत भिंगांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नयेत. डिस्लेक्सियावर त्यांचा उपयोग होतो याला आधार नाही, हे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदनात स्पष्ट केले आहे. तीन महिन्यांत ‘पूर्ण बरे’ करण्याची हमी देणाऱ्याकडे जाऊच नये.

कागदपत्रे आणि परीक्षा

हा भाग रटाळ आहे, पण उशीर झाला की वर्ष जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलिया यांसारख्या अडचणी) समाविष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून शासनमान्य रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणी ८ व्या, १४ व्या आणि १८ व्या वर्षी होते आणि १८ व्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. म्हणून मूल सतरा-अठराचे होत असेल तर ही भेट पुढे ढकलू नये. ४० टक्के किंवा अधिक अक्षमता असल्यास शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळू शकतो.

परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक या प्रमुख सवलती आहेत. दहावी-बारावीसाठी त्यांचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, तेव्हा जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. हाताच्या दोषामुळे लिहू न शकणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा टक्केवारी कमी आहे म्हणून अर्जच न करणे चूक ठरेल. लेखनिक मिळाला म्हणजे काम झाले असेही नाही. उत्तर सांगून लिहून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याचा सराव परीक्षेपूर्वी निदान दोन महिने व्हायला हवा: स्वल्पविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, आकृतीचे नाव काय, हे सगळे तोंडाने सांगावे लागते.

शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी देण्याचा मार्ग आहे, पण तिथे सगळे विषय अंगावर येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) निदान एका भाषेसह पाच विषय निवडता येतात आणि एकेक विषय पाच वर्षांच्या मुदतीत सोडवता येतो. ज्याला तीन भाषांचे ओझे झेपत नाही, त्याला मी हा दुसरा मार्ग सुचवीन.

घर, मन आणि थांबण्याची वेळ

वर्षानुवर्षे ‘आळशी’ हे विशेषण ऐकलेला माणूस चूक झाली की विनोद करतो, चिडतो किंवा ‘चष्मा विसरलो’ म्हणतो. हे टाळणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते; त्याला तोंडावर पकडू नये, मजकूर थोडा सोपा करून पुढे जावे. झोप उडाली असेल, जगणे नकोसे झाल्याचे तो बोलत असेल, तर शिकवणे थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. घरच्यांना एकच काम द्यावे: दुरुस्त्या करू नका. त्याने व्हॉट्सॲपवर ‘दुध आन’ लिहिले तर दूध आणावे, शुद्धलेखन नको.

प्रगती दर सहा आठवड्यांनी पहिल्याच तीन नमुन्यांच्या धर्तीवर मोजावी. वेग वाढला पण चुका तशाच राहिल्या, तर नवा गट घेऊ नये. चुका कमी झाल्या पण वेग तोच राहिला, तर नियम शिकवणे थांबवून फक्त पुनर्वाचन वाढवावे. दोन मोजण्यांत काहीच हलले नाही, तर दोष शिकणाऱ्यात न शोधता मजकूर, वेळ किंवा पद्धत बदलावी. पहिल्या भेटीत लिहून घेतलेले वाक्य पुन्हा काढावे, सोसायटीची नोटीस त्याच्या हातात द्यावी आणि आपण खिडकीबाहेर पाहात बसावे. ती वाचून झाल्यावर लिफ्ट कधी बंद राहणार हे त्याने सांगितले, की आठवड्याच्या तीन बैठकी एकावर आणाव्यात आणि पुढे काय वाचायचे आहे ते त्यालाच विचारावे.